आधी मयताला जा: मलावीतल्या एका मराठी मिशनरी जोडप्याचं प्रकरण

आमच्या नगरकडच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, 2022 साली एका जोडप्याला मलावीला पाठवलं. पाठवणाऱ्या समितीत मीही होते. त्या दोघांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. गावाचं नाव, जिल्हा आणि घरातल्या काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. नवऱ्याला मी इथे पाळक (म्हणजे पास्टर) म्हणते आणि बायकोला सिस्टर. ती मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स, त्यामुळे सिस्टर हे नाव तिला इथेही होतंच.

पार्श्वभूमी

मलावी म्हणजे तळ्याकाठचा लांबट, चिंचोळा देश. 2018 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी, त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त ख्रिस्ती. म्हणजे ज्या देशात आम्ही मिशनरी पाठवत होतो, तो आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ख्रिस्ती होता. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, मध्य मलावीत डच रिफॉर्म्ड मिशनऱ्यांनी 1889 मध्ये सुरुवात केली. तिथल्या चिचेवा भाषेतलं अख्खं बायबल 1922 पासून लोकांच्या हातात आहे. तेव्हा सुवार्ता पहिल्यांदा सांगायला जायचं, असा प्रकार नव्हता. तिथे एकेका पाळकाकडे बरीच प्रार्थनाघरं असतात, आणि रविवारची उपासना चालवतात ते गावातले ‘वडील’, म्हणजे मंडळीतले जाणते पुढारी. त्या वडिलांना शिकवायचं आणि बायकांचा साक्षरता वर्ग चालवायचा, एवढंच काम ठरलं होतं.

गाव राजधानी लिलाँग्वेपासून गाडीने अडीच तासांवर, त्यातला शेवटचा तास मातीच्या रस्त्याचा. घरं विटांची, काहींवर पत्रा, बहुतेकांवर गवत. मका, भुईमूग, थोडा तंबाखू. हातपंप एक.

ही चेवा लोकांची वस्ती. चेवांमध्ये जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि लग्नानंतर पुष्कळदा नवराच बायकोच्या गावी राहायला येतो. अशा नवऱ्याला ‘म्कामविनी’ म्हणतात. आपल्या भाषेत घरजावई, फक्त इथे अर्ध्या गावातले पुरुष घरजावईच. निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात ही माहिती एका ओळीत आली होती. ती ओळ किती महागात पडणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिले तीन महिने

ऑगस्ट 2022 मध्ये ते पोहोचले, मुलगा सात वर्षांचा. राहायचं कुठे, हा पहिला निर्णय. एक जागा प्रार्थनाघराच्या आवारात होती, कुंपण असलेली, जुन्या पाहुणेघराची. दुसरी गावात, एका आजीच्या अंगणाला लागून दोन खोल्या. समितीने आवार सुचवलं, मुलाचा विचार करून. पाळक म्हणाले, “आमच्याकडे मिशन कंपाउंडची भिंत अजून उभी आहे, आतली माणसं कधीच गेली. मला भिंतीच्या आत राहायचं नाही.” ते आजींच्या शेजारी राहिले. हा निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं.

पोरं मागे धावत ओरडायची, “अम्वेन्ये! अम्वेन्ये!” म्हणजे भारतीय. गोरा पाद्री लोकांनी ऐकलेला होता, पाहिलेला होता. भारतीय माणूस मात्र त्यांच्या लेखी दुकानदार. त्याला इतिहास आहे. 1970 च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या सरकारने आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून हलवून मोठ्या शहरांपुरतं ठेवलं, आणि म्हाताऱ्या माणसांना गावाकडच्या बाजारातली ती दुकानं आठवतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न देवाबद्दल नव्हता. “दुकान कधी उघडणार?” असा होता.

घडी बसली ती स्वयंपाकघरात. शेजारच्या आजींना सगळे ‘अगोगो’ म्हणायचे, हेही म्हणू लागले. अगोगोंनी सिस्टरला मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घोटायला शिकवलं. भोपळ्याच्या पानांच्या भाजीत त्या ‘न्सिंजिरो’ घालत, ते तर चक्क आपलं दाण्याचं कूट. बाजारात ‘नांदोलो’ मिळाले, ते निघाले तुरीचे दाणे! (मलावीची तूर भारत विकत घेतो. वर्षाला 50,000 टनांचा करार 2021 मध्ये झाला आहे. सिस्टरला हे कळलं तेव्हा तिने मला व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘घरी जे वरण खायचो ते कदाचित इथूनच यायचं.’) तिचं फोडणीचं वरण अगोगोंना आवडलं. हिंगाचा मात्र त्यांनी दार उघडून निषेध केला.

सिस्टर तिथे नर्स म्हणून काही करू शकत नव्हती, त्यासाठी तिथल्या परिषदेची नोंदणी लागते. लोक जखमा दाखवायला यायचे, ती पाण्याने धुऊन आरोग्यकेंद्राकडे पाठवायची. यावरून कुरबुर झाली, पण ती लवकर मिटली.

अडचण कुठे सुरू झाली

नोव्हेंबरच्या शेवटी पलीकडच्या वाडीत एक म्हातारा वारला. त्या दिवशी पाळकांची लिलाँग्वेला भाषेची चाचणी होती, तारीख महिन्याभरापूर्वी ठरलेली. मृताची ओळख नव्हती, तो त्यांच्या मंडळीतलाही नव्हता. अगोगो सकाळी दाराशी येऊन “मालिरो” एवढंच म्हणाल्या. मालिरो म्हणजे मयत, आणि मयताचा सगळा विधीही. पाळकांनी “पेपानी” म्हणून दुःख व्यक्त केलं, अगोगोंच्या हातात थोडे पैसे ठेवले आणि तिघं गाडीने निघून गेली.

त्या भागात मालिरो लागलं की शेतातली कुदळ थांबते. बायका मयताच्या घरी जमिनीवर रात्र काढतात, पुरुष बाहेर शेकोटीपाशी. येणारा पीठ आणतो, सरपण आणतो, चार पैसे देतो. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे गावाच्या लक्षात राहतं. आपल्या खेड्यातही राहतंच की. नगरच्या माणसाला हे नव्याने सांगायची गरज नव्हती, पण परक्या गावात गेल्यावर आपलंच शहाणपण आपल्याला परकं होतं.

कुणी काही बोललं नाही. एवढंच झालं की दारातली ‘ओदी’ बदलली. तिथे दार ठोठावत नाहीत, अंगणातून ‘ओदी’ म्हणतात, आणि आतून ‘ओदिनी’ आलं की पुढे यायचं. आधी लोक ओदी म्हणून नुसतं बसायला यायचे. आता यायचे ते काहीतरी मागायला. साबण, फोन चार्ज करून, गाडी, पैसे. पाळकांच्या डिसेंबरच्या पत्रात वाक्य होतं, ‘लोक आम्हाला दुकानच समजू लागलेत.’ आम्ही समितीत ते वाचून हसलो. दुकानदार मयताला पैसे पाठवतो आणि स्वतः जात नाही, हा संबंध आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

जानेवारी: पर्याय आणि पहिला निर्णय

मक्याची काढणी एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने. बांबूची विणलेली ‘न्खोक्वे’, म्हणजे आपली कणगी, तळाला जाते आणि बाजारात मक्याचा भाव चढतो. जानेवारी 2023 मध्ये दारातल्या ओदी रोज दहा-बारा झाल्या.

फोनवर आम्ही पर्याय मांडले. सरळ मका वाटायचा, तर रांग लागणार आणि उद्या काय? काहीच द्यायचं नाही, तर भिंतीला भिंत लागून राहताना ते जमणार कसं? गावाच्या प्रमुखामार्फत द्यायचं, तर त्यांच्याच नात्यागोत्यात जाईल, अशी आम्हाला शंका. (ही शंका आम्ही एकदाही तपासली नाही.) चौथा पर्याय ‘गन्यू’. गन्यू म्हणजे दुसऱ्याच्या शेतात फुटकळ मजुरी, पैशाच्या किंवा धान्याच्या मोबदल्यात. प्रार्थनाघराची दोनेक एकर जमीन पडून होती. लोकांनी ती खुरपावी आणि बादलीभर मका न्यावा. फुकट नाही, घामाचं. आम्हाला हे फार पटलं. रोजगार हमीच्या मुलखातली माणसं आम्ही, पटणारच.

पाळकांनी गावातल्या पुरुषांची बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन गोष्टी चुकल्या. एक, जानेवारी म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वतःच्या मक्यातल्या खुरपणीचे दिवस. ज्याच्या घरात पीठ नाही तो दुसऱ्याचं शेत खुरपायला जातो, त्याचं स्वतःचं शेत तणात जातं, मेमध्ये पीक कमी येतं आणि पुढच्या जानेवारीत तो पुन्हा गन्यूला. गन्यूचा हा फेरा तिथे पोरालाही माहीत असतो. आम्ही त्या फेऱ्यात आणखी एक शेत घातलं, आणि तेही प्रार्थनाघराचं. दुसरी गोष्ट, बैठक पुरुषांची. म्हणजे बऱ्याच अंशी घरजावयांची. जमीन बायकांच्या कुळाची, कणगीचा हिशेब बायकांच्या डोक्यात, आणि विचारलं त्यांच्या नवऱ्यांना.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. आम्हाला ती यश वाटली. वडिलांच्या बायबल वर्गाची संख्या बारावरून चाळीसच्या पुढे गेली. आम्ही दर महिन्याला विचारायचो, ‘किती जण येतात?’ फोटो आला, आमच्या वार्तापत्रात छापला. खालची ओळ मीच लिहिली होती, ती इथे पुन्हा लिहीत नाही.

पाळकांनाच ते आधी टोचलं. 1876 ते 78 आणि पुढे 1899-1900 च्या दुष्काळांत नगरकडची बरीच माणसं ख्रिस्ती झाली. त्यांच्या घरातली माणसंही त्यातलीच. त्यांच्या आजीला लहानपणी गावात ऐकावं लागलं होतं, “तुम्ही जोंधळ्यासाठी बाटलात.” फेब्रुवारीच्या पत्रात त्यांनी लिहिलं, ‘चाळीस माणसं समोर बसतात आणि मला आजी आठवते. यातलं कोण बादलीसाठी आलंय हे मला ओळखता येत नाही, आणि ओळखायचा मला हक्कही नाही.’

त्यांनी गन्यू मध्येच बंद केला. आम्ही म्हणालो, निदान मार्चपर्यंत चालू ठेवा, दिलेला शब्द आहे. त्यांनी ठरलेला उरलेला मका काम न घेता, प्रमुखांकडे यादी मागून वाटून टाकला. यादीत मुसलमान घरं होती, कुठल्याच प्रार्थनेला न जाणारी घरं होती, आणि आम्हाला ज्याची भीती होती ते नात्यागोत्याचं प्रकरण त्यांना तरी यादीत दिसलं नाही. पुढच्या वर्गाला चौदा जण आले.

सायकलवरचा ताप

फेब्रुवारीच्या शेवटी पाळकांना मलेरिया झाला. पाऊस इतका की मधल्या दलदलीतला रस्ता पाण्याखाली, गाडी निरुपयोगी. रात्री ते बरळायला लागले. सिस्टरने अगोगोंच्या अंगणात जाऊन ओदी म्हटलं. दिवस उजाडायच्या आत चार माणसं आणि एक सायकल आली. मागच्या कॅरिअरवर त्यांना बसवून, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, गुडघाभर पाण्यातून आरोग्यकेंद्रात नेलं. बोटातून रक्त काढून तपासणी, मग गोळ्या, सगळं सरकारी आणि मोफत. मुलगा तीन दिवस अगोगोंकडे जेवला.

बरं वाटल्यावर पाळकांनी चौघांना पैसे पाठवले, दिवसाच्या मजुरीच्या दुप्पट. तिघांनी घेतले, चौथ्याने परत पाठवले. त्या संध्याकाळी अगोगो आल्या आणि पहिल्यांदा स्पष्ट बोलल्या. सिस्टरने मला जसं सांगितलं तसं लिहिते:

“तू त्यांना गन्यू दिलास. ते गन्यूला आले नव्हते.”

“मग मी काय द्यायला हवं होतं, अगोगो?”

“काही नाही. त्यांच्याकडे मालिरो होईल. तेव्हा जा.”

नोव्हेंबरच्या मयताचा विषय तेव्हा निघाला. तो म्हातारा अगोगोंचा चुलतभाऊ होता. अगोगोंनी ते पैसे मयताच्या घरी दिलेच नव्हते. लाज वाटली, म्हणाल्या.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण गन्यू बंद केला तो नाही, हा आहे. नर्स असूनही सिस्टरने दुसऱ्याच्या दारात जाऊन ओदी म्हटलं, तो. पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा समितीच्या इतिवृत्तात ‘पाळक आजारी, आता बरे’ एवढंच आहे.

त्यानंतर

मार्चपासून त्यांनी मयतं चुकवली नाहीत. वर्ग रद्द करून गेले, लिलाँग्वेची कामं पुढे ढकलून गेले. सिस्टर बायकांबरोबर रात्री जमिनीवर निजली. एका मयताला मुखवटे घातलेले गुले वाम्कुलूचे नर्तक आले. चेवांचं हे जुनं विधिनृत्य युनेस्कोच्या वारसायादीत आहे, पण मिशनने पूर्वीपासून ते निषिद्ध मानलेलं. पाळक उठून जाणार होते. मंडळीतले दोन वडील थोडे लांब, पाठ न फिरवता बसून राहिलेले दिसले, तेव्हा तेही तिथेच जाऊन बसले. आमच्या समितीत यावर अजून एकमत नाही.

मक्याचं काम बायकांकडे गेलं. गावात बायकांचे बचतगट आधीपासून होते. त्यांना ‘बांकी म्खोंडे’ म्हणतात, शब्दशः पडवीतली बँक. साक्षरता वर्गात हिशेब शिकताना त्यांनीच मांडलं की काढणीनंतर मका स्वस्त असतो तेव्हा घेऊन ठेवायचा आणि जानेवारीत गावातच खरेदीच्या भावाला, वर पिशवीचा खर्च धरून, विकायचा. मंडळीने निम्मी रक्कम बिनव्याजी दिली, निम्मी गटाने उभी केली. जून 2023 मध्ये 50 किलोची चाळीस पोती घेतली, सोंडे लागू नयेत म्हणून हवाबंद पिशव्यांत भरली आणि एका बाईच्या घरात ठेवली. किल्ल्या तीन, तिघींकडे. पाळकांकडे एकही नाही, हा बायकांचा आग्रह.

नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन केलं आणि महागाई भडकली. जुन्या भावाने विकायचं तर बाहेरचे घेऊन बाजारात ओतणार. गटाने ठरवलं, एका घराला आठवड्याला एकच बादली, आणि ती बाईच्याच हातात. पाळकांना हे कडक वाटलं, एका विधुराचं नाव घेऊन ते भांडलेही. त्या विधुराला त्याच्या बहिणीच्या नावावर बादली मिळाली.

त्या हंगामात एल निनोमुळे पाऊस दगावला. मार्च 2024 मध्ये 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. मेमध्ये स्वस्त मका मिळालाच नाही, चाळीसऐवजी अकरा पोती घेता आली. तेव्हा या कणगीला यशोगाथा म्हणू नका. एका वर्षीचा जानेवारी तिने निभावला, पुढच्याला अपुरी पडली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिले सहा महिने काहीच द्यायला नको होतं, असं पाळक आता म्हणतात. मला ते पटत नाही. शेजारी उपाशी असताना सहा महिने निरीक्षण करणं हीसुद्धा चैनच आहे. मला वाटतं, देण्यापूर्वी अगोगोंना विचारायला हवं होतं, आणि बैठक हातपंपापाशी घ्यायला हवी होती, जिथे बायका असतात. भाषेच्या चाचणीची तारीख बदलता आली असती, एक फोन लागला असता. गाडीबद्दल नियम पहिल्याच आठवड्यात ठरायला हवा होता. आजारी माणूस आणि बाळंतीण यांनाच गाडी, हा नियम त्यांनी दीड वर्षाने केला, तोवर नकार देऊन देऊन थकले होते.

आणि आमचं. दर महिन्याला डोकी मोजायला लावणारा तक्ता आम्ही बंद केला, पण त्यासाठी दीड वर्ष वाद घातला. देणगीदारांना काय दाखवायचं, हा प्रश्न खरा होता, त्याचं उत्तर आजही आमच्याकडे नाही.

ऑगस्ट 2024

पाळकांचे वडील नगरला वारले. विमानाने आलं तरी माती मिळणार नव्हती, म्हणून ते आले नाहीत. बातमी त्यांनी फक्त अगोगोंना सांगितली. दुपारपर्यंत अंगणात चटया पडल्या. ज्या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं, ज्याला पुरायला इथे खड्डाही खणायचा नव्हता, त्याच्यासाठी तीन दिवस गाव बसलं. बायका रात्री सिस्टरच्या खोलीत निजल्या. पुरुषांनी शेकोटी विझू दिली नाही. त्यात सायकलवाले चौघेही होते.

दुष्काळाच्या त्या वर्षात प्रत्येक घरातून ताटभर पीठ आलं. सिस्टरने वही काढून, आपल्याकडे आहेर लिहितात तसं, नाव आणि समोर काय आणलं ते लिहिलं: पीठ, सरपणाची मोळी, दोन अंडी, शंभर क्वाचा. त्रेसष्ट नावं. अगोगोंनी वही बघायला मागितली. अक्षरं त्या नुकत्याच शिकत होत्या. बोट ठेवत ठेवत सगळी पानं वाचली आणि म्हणाल्या, दोघी राहिल्यात, लिही.

आता कुठे मालिरो लागलं की सिस्टर आधी ती वही काढते.